त्याच रोपाचे फळ

नागपूर

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही तक्ते काल रात्री वाचले. गुणसूत्रांच्या तक्त्यात तू सहदेवी (१८), काटेरी पानांचा सोंकस अस्पेर (१८) आणि एकदांडी (३६) यांना एका गटात बसवले आहेस, कारण छत्तीस ही अठराची दुप्पट. फळांच्या तक्त्यात मात्र एकदांडी वेगळी पडते, आणि त्यामुळे तू गोंधळली आहेस. नऊचा पाढा सूर्यफूल कुळात इतक्या ठिकाणी सापडतो की दूरच्या नात्यात तो काहीच सिद्ध करत नाही. एकदांडीच्या फळभित्तीत फायटोमेलनिनचा काळा थर असतो, सहदेवी आणि सोंकसमध्ये तो नसतो. इथे फळाचे ऐकावे. हे तुला कळायला हवे होते.

पण मला छळणारा प्रश्न वेगळाच आहे. ज्या रोपाची गुणसूत्रे मोजलीस, त्याच रोपाचे फळ कापलेस का? तुझ्या वहीत ‘सोंकस, अंबाझरी, डिसेंबर’ एवढीच नोंद आहे. कोणता सोंकस?

माझ्या प्रबंधाची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बांधावरच्या सोंकसची फळे मी एका पिशवीत गोळा केली, काही रुजवून मुळांच्या टोकांवरून गुणसूत्रे मोजली आणि उरलेल्यांचे छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी पातळ काप, घेतले. काही रोपांत १८ आली, काहींत ३२. अठराची दुप्पट होऊन त्यातली चार गळाली असावीत, असे मी लिहिले आणि परीक्षकांना ते फार आवडले. पिशवीत दोन जाती होत्या, एवढेच खरे होते: अस्पेरची १८, ओलेरेसियसची ३२, आणि ही बत्तीस अस्पेरच्या १८ व टेनेरिमस या सोंकसच्याच तिसऱ्या जातीच्या १४ गुणसूत्रांच्या बेरजेतून आली असावीत, असे मानतात. फळे तर ओरडून सांगत होती. अस्पेरचे फळ शिरांच्या मधल्या जागेत गुळगुळीत असते, ओलेरेसियसचे आडव्या सुरकुत्यांनी खरखरीत. मी दोन्ही पाहिली आणि ‘फळांत विविधता आढळते’ असे लिहून मोकळा झालो. एकही रोप वाळवून ठेवले नव्हते, म्हणून ते प्रकरण आज दुरुस्तही करता येत नाही.

तू म्हणशील, इतका निष्काळजीपणा कसा झाला? मे महिन्यात प्रयोगशाळेत फळे रोवलेले मेणाचे ठोकळे मऊ पडत, कापांची सलग रिबन निघत नसे, म्हणून पहाटे चारला येऊन छेद घ्यावे लागत. त्या धावपळीत कोणत्या रोपाचे फळ हे कोण पाहणार? पाहायला हवे होते, हे मान्य. पण छेद मात्र उत्तम होते, हे मी आजही सांगेन.

तेव्हा गुणसूत्रे मोजायला त्याच रोपाच्या कळ्या रसायनात फिक्स कर, त्याच रोपाचे पिकलेले फळ काप आणि तेच रोप दाबून, वाळवून, क्रमांक घालून ठेव. फळ पिकलेलेच हवे, कारण काळा थर कोवळ्या फळात दिसत नाही. एकदांडीत कडेच्या व मधल्या फुलांची फळे वेगळी ठेव, त्यांचे केसतुरे सारखे नसतात. आणि कृपा करून पिशवी वापरू नकोस; प्रत्येक रोपाला स्वतंत्र पाकीट हवे, मग पाकिटे कितीही होवोत.

सोंकसची नोंद तूर्त तक्त्यातून काढ. थंडी पडली की अंबाझरीला पुन्हा जा. पुढच्या पत्रात मला तक्ता नको, वाळवलेल्या रोपांचे क्रमांक पाठव.