टेन्शन घेतलं म्हणून मला कोरोना होईल का मॅडम?

कोरोनाच्या काळात समुपदेशनासाठी मला जे फोन यायचे त्यात एक प्रश्न हमखास असायचा, शब्द वेगळे पण मुद्दा तोच, की टेन्शनने इम्युनिटी कमी होते म्हणतात, मला तर टेन्शन येतंच, मग मी आता गेलोच का? अजूनही कुठल्या नवीन साथीची बातमी आली की हा प्रश्न परत सुरू होतो. म्हणून एक केस सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

२०२१ साल, लस नुकतीच मिळायला लागली होती. चाळिशीतले गृहस्थ, अकाउंट्सचं काम, सगळं घरूनच चालू. नंबर बायकोने लावून दिलेला, तक्रार झोपेची. व्हिडिओ कॉलवर बोलतानासुद्धा यांच्या बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावलेलाच. दिवसभर अधूनमधून, आणि रात्री जाग आली की परत. ९८ आलं की बरं वाटायचं, ९७ आलं की एक पॉइंट गेला म्हणून छातीत धडधड, मग त्या धडधडीमुळे पल्स ११० दिसायची आणि मग झालंच, हा तर कोरोनाच. बोटांना मुंग्या, गरगरल्यासारखं, श्वास पुरत नाहीये असं वाटणं. सगळ्या टेस्ट निगेटिव्ह, डॉक्टरांनी दोनदा तपासून काही नाही सांगितलेलं.

हे बऱ्याच जणांचं होत होतं, त्यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी वाढलं. पण यांचा पेच जरा वेगळा होता. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी ऐकलं होतं की भीतीने इम्युनिटी खलास होते आणि व्हायरस अशाच माणसाला धरतो. तेव्हापासून त्यांना व्हायरसपेक्षा स्वतःच्या भीतीची जास्त भीती वाटायला लागली. टेन्शन आलं की पहिला विचार, अरे मी टेन्शन घेतोय, म्हणजे इम्युनिटी उतरतेय, म्हणजे आता होणार, की लगेच आणखी टेन्शन. घरचे म्हणायचे, तू विचारच करू नकोस. आता हा सल्ला देणाऱ्यांचं मन चांगलं असतं पण उपयोग शून्य. डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना सांगून बघितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, तर लोकांच्या डोक्यात ते अस्वल परत परत येत राहिलं. भीतीचंही तेच होतं, दाबायला गेलं की वर येते.

त्यांनी मला सरळ विचारलं, मॅडम, ते व्हिडिओवाले खोटं बोलतात का? मी म्हटलं, पूर्ण खोटं नाही, अर्धं खरं आहे आणि तेच जास्त त्रासाचं आहे. मग आकडेवाला माणूस म्हणून मी त्यांच्याशी आकड्यांतच बोलले.

शेल्डन कोहेन आणि त्यांच्या टीमचा १९९१ चा अभ्यास आहे, इंग्लंडमधल्या सॅलिस्बरीच्या कॉमन कोल्ड युनिटमध्ये झालेला. ३९४ निरोगी माणसं घेतली, आधी त्यांच्या आयुष्यातला ताण मोजला, मग त्यांच्या नाकात चक्क व्हायरसचे थेंब टाकले. पाच प्रकारचे व्हायरस होते, त्यात एक साधा सर्दीचा कोरोनाव्हायरसही होता. कमी ताणवाल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, सगळ्यात जास्त ताणवाल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. म्हणजे ताणाचा परिणाम होतो, नाही असं मी म्हणणार नाही. पण हाच आकडा उलटा वाचा ना, सगळ्यात जास्त टेन्शनवाले, वर नाकात व्हायरस सोडलेला, तरी त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना सर्दी झालीच नाही. आणि मुळात थेंब टाकावे लागले, नुसत्या काळजीतून व्हायरस तयार होत नाही, तो मुख्यतः दुसऱ्याच्या श्वासातून येतो. मास्क, हवेशीर खोली, लस, हे आधी, मनःशांती त्याच्यानंतर.

त्यावर ते म्हणाले, पण मी तर रोज घाबरतो. मग १९९८ चा त्याच गटाचा दुसरा अभ्यास सांगितला. त्यात महिन्याच्या आतल्या ताणाने सर्दीचा धोका वाढला नव्हता, महिना महिना चालणाऱ्या ताणाने वाढला, विशेषतः नोकरी नसणं किंवा जवळच्या माणसांशी कायमचं बिनसलेलं असणं. अचानक घाबरल्यावर तर काही मिनिटांत रक्तातल्या नॅचरल किलर पेशी (व्हायरस शिरलेल्या पेशी मारणाऱ्या) उलट वाढतात, जखम होईल या अंदाजाने शरीर तयारी करतं. त्यामुळे ऑक्सिमीटर बघून दहा मिनिटं छाती धडधडली म्हणून इम्युनिटी त्या दहा मिनिटांत कोसळत नाही. इम्युनिटी म्हणजे काही मोबाइलची बॅटरी नाही की प्रत्येक विचाराला एक टक्का उतरेल. जो खरंच नडतो तो लांबलेला ताण. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन महिनोन् महिने चढलेलं राहिलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि सूज आटोक्यात ठेवायचं त्याचं काम नीट होत नाही. बरं, कोरोनात गंभीर झालेल्या अनेकांना इम्युनिटीच्या अति प्रतिक्रियेनेच त्रास झाला होता, म्हणून तर ऑक्सिजनवरच्या पेशंटना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन ती प्रतिक्रिया कमी करावी लागली आणि त्याने जीव वाचले. तेव्हा इम्युनिटी बूस्टरच्या नावाने जे काही विकलं गेलं त्याबद्दल मला काय वाटतं ते न बोललेलंच बरं.

आमचं काम मग सुरू झालं झोपेपासून, कारण त्यांच्या बाबतीत खरी हानी तिथे चालली होती, कसेबसे चार-पाच तास. २०१५ मध्ये अशाच एका व्हायरसच्या प्रयोगात ५ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता ७ तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या सुमारे साडेचारपट निघाली होती. हा आकडा मी त्यांना मुद्दाम पहिल्या सेशनला सांगितला नाही, नाहीतर झोपेचंही टेन्शन चढलं असतं. आधी फक्त एवढंच ठरलं की फोन आणि ऑक्सिमीटर बेडरूमच्या बाहेर, वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. ऑक्सिमीटर दिवसातून दोनदा, शांत बसून, हात गार नसताना. ९४ च्या खाली रीडिंग टिकून राहिलं किंवा ताप, खोकला, चालताना दम असं काही झालं तर डॉक्टर, मला फोन नाही. काळजी करायला संध्याकाळची वीस मिनिटं राखून ठेवली, वहीत लिहून काढायची. हे ऐकून ते हसले, पण केलं त्यांनी. मुंग्या आणि गरगरणं कशाने होतं तेही समजावलं, घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो त्याने ते होतं, आणि तेव्हा ऑक्सिजन ९८-९९ च दिसतो. श्वास हळू सोडायची सवय लावली.

फरक पडला पण अडकलाही. रीडिंग घेणं कमी झालं, झोप सहा तासांवर आली, तरी "मी घाबरलो तर मरेन" हे वाक्य काही जाईना. मग एका सेशनला ते बाहेर आलं. आदल्या वर्षी त्यांचा मोठा भाऊ कोरोनाने गेला होता. हॉस्पिटलमधून शेवटचा फोन आला तेव्हा भाऊ खूप घाबरलेला होता आणि हे त्याला म्हणाले होते, दादा घाबरू नको, घाबरलास तर बॉडी लढणार नाही. नंतर नातेवाइकांत सगळे एकच बोलत होते, तो घाबरला म्हणून गेला. हे मी त्या काळात इतक्या घरांत ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मला राग आलाय, कारण गेलेल्या माणसालाच आपण जबाबदार धरतो, आणि मागे राहिलेला माणूस ते वाक्य स्वतःला लावून घेतो.

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी दादाचा ऑक्सिजन किती होता? त्यांना पाठ होतं, ७८. मग सांगितलं की फुप्फुसं भरलेली आहेत, श्वास पुरत नाहीये, अशा वेळी माणूस घाबरणारच, मेंदूची ती धोक्याची घंटा आहे, कुठल्याही धीराच्या माणसाची वाजेल. दादा आजारी होता म्हणून घाबरला होता, घाबरला म्हणून आजारी नव्हता. ते बराच वेळ रडले. पुढची काही सेशन्स आम्ही इम्युनिटीबद्दल बोललोच नाही, दादाबद्दल बोललो, तो कसा होता, भांडणं कशावरून व्हायची, त्याचे पैशाचे व्यवहार कसे अर्धवट राहिलेत. झोप त्यानंतर आपोआप सुधारली.

मधे लसीचा विषय निघाला. टेन्शन कमी झाल्यावर घेऊ का, म्हणजे नीट लागू पडेल? तर नाही, थांबायचं नाही. २००२ चा एक छोटा प्रयोग आहे, फ्लूच्या लसीच्या आसपास काही रात्री चारच तास झोपू दिलेल्यांच्या अँटिबॉडी दहाव्या दिवशी नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहून कमी होत्या, पण पुढच्या काही आठवड्यांत तो फरक राहिला नाही. दोन-चार रात्री नीट झोपता आलं तर चांगलंच, नाही आलं तरी तारीख चुकवू नका म्हटलं. त्यांनी दोन्ही डोस घेतले.

आणि मग पुढच्या वर्षी त्यांचा मेसेज आला, मॅडम पॉझिटिव्ह आलो, आणि गंमत म्हणजे सध्या सात तास झोपतोय आणि टेन्शन काहीच नव्हतं. मी विचारलं ताप किती, ऑक्सिजन किती, डॉक्टरांशी बोललात का. म्हणाले १०० ताप, ९७ ऑक्सिजन, बोललो, घरीच राहायला सांगितलंय, आणि हो, रीडिंग दोनदाच घेतोय.