मोबाईल कंपनीशी टायअप झालं की आपलं झालं का?

"मॅडम, एकदा मोबाईल कंपनीने हात धरला की सुटलो बघा", सोलापुरात होटगी रोडला माझ्याकडे ॲप घेऊन सल्ल्याला येणारी दहातली सात पोरं हेच म्हणतात. मागच्या वर्षी दोघं मित्र आले होते, डाळिंबवाल्या शेतकऱ्यांसाठी मराठीत बोलणारी सर्व्हिस, फोन लावला की बाजारभाव आणि फवारणीचा सल्ला. चीज खरंच चांगली होती, सांगोल्याकडचे काही बागायतदार रोज वापरत होते. पण हे दोघं अडून बसलेले, टायअप होईपर्यंत पुढं काही करायचंच नाही.

मी विचारलं, कंपनीला तुमच्यातून काय मिळणार? तर म्हणे, "त्यांच्याकडं कोट्यवधी ग्राहक आहेत की ओ". अरे, ते तुम्हाला मिळणार, त्यांना काय? इफ्को ही खतं विकणारी सहकारी संस्था आणि एअरटेलने मिळून शेतकऱ्यांना रोज व्हॉइस मेसेज पाठवले, ते काय पुण्य म्हणून? तेव्हा खेड्यात सिम विकायचं होतं. आता सिम घरोघर आहे, आणि २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळं त्यांची काळजी आहे ती ग्राहक पोर्ट होऊन जाऊ नये आणि त्याने जरा मोठा रिचार्ज मारावा. तुमच्यामुळं यातलं काही होतंय हे दाखवा, नाहीतर चहा पाजून वाटेला लावतील.

या पोरांची दुसरी मागणी, आमच्या ॲपला डेटा फ्री द्या. ते होणारच नाही. २०१५ ला एअरटेल झिरोवरून, म्हणजे ॲपवाल्याने पैसे भरायचे आणि ग्राहकाला डेटा फ्री, या योजनेवरून केवढा गदारोळ झाला होता, फ्लिपकार्ट बाहेर पडलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंटेंट बघून डेटाचे वेगळे दर लावायला बंदी घातली. मीटिंगला जाऊन हेच मागितलं की समोरच्याला कळतं, पोरांनी अभ्यास केलेला नाही. बॅलन्समधून पैसे कापायचं म्हणाल तर कॉलरट्यूनच्या जमान्यात न सांगता पैसे कापून लोकांचा इतका विश्वास उडालाय की २०१३ ला ट्रायला दोनदा संमती घ्यायचा नियम करावा लागला, शेतकरी आधी तेच विचारतो, "पैसे कापणार नाही ना?" त्यापेक्षा यूपीआयने घ्या. आणि नुसते एसएमएस पाठवायला टायअप लागतच नाही, डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या पोर्टलवर, नोंदणी करा, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मेसेजचा मजकूर) मंजूर करून घ्या, झालं.

शेवटी एका कंपनीचा कागद आलाच. दोन वर्षं दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही, उत्पन्नातला मोठा वाटा त्यांचा, पेमेंट कधी ते मोघम. पोरं लगेच सही करायला निघालेली! एकाच घरात बापाचं सिम एका कंपनीचं अन् पोराचं दुसऱ्याचं, मग अर्धं गाव बाहेरच राहणार ना. मी म्हटलं सहा महिने, तेही फक्त सोलापूर जिल्हा, पेमेंटची तारीख लेखी, आणि ग्राहकांची यादी तुमच्याकडेच.

कंपनीने जिल्हा आणि सहा महिने मान्य केले, पेमेंटच्या तारखेवर अजून मेलामेली चालू आहे. तोवर दोघं सांगोला अन् पंढरपुरात रिचार्जच्या दुकानांमधून स्वतःच ग्राहक जोडतायत, कंपनी कोणतीही असो.