तो तुटलेला बोल्ट भंगार नव्हता

प्रश्न : माझ्या मुलीने मेकॅनिकल डिप्लोमाची शेवटची परीक्षा दिली आहे. आतापर्यंत 78 टक्क्यांच्या आसपास आहे. चाकणला नटबोल्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तिने क्वालिटी विभागात ट्रेनिंग केलं, तेव्हापासून ‘मला फास्टनर्सच्या, म्हणजे नटबोल्टांच्या, टेस्टिंगमध्येच काम करायचंय’ असा हट्ट धरून बसली आहे. परवा एक तुटलेला बोल्ट घरी घेऊन आली. म्हणे 12.9 चा, प्लेटिंग केलेला, संध्याकाळी आवळला आणि सकाळी बघतात तर डोकं तुटून पडलेलं. मी तो भंगारात टाकला. मापांचे तक्ते पाठ करून कुठे करिअर होतं का? इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज मीच भरणार आहे, सगळे पर्याय कॉम्प्युटरचे. लॉगिन माझ्याकडे आहे. हल्ली ती जेवताना बोलत नाही. तिला जरा समजावून सांगाल का?
– एक पालक, चिंचवड

उत्तर : नाही, तिला मी काही समजावणार नाही. मला बोलायचंय ते तुमच्याशी.

तुमच्या पत्रात शाखेबद्दल बरंच आहे, पण मला काळजी वाटली ती दोन छोट्या वाक्यांची. ‘लॉगिन माझ्याकडे आहे’ आणि ‘जेवताना बोलत नाही’. ही वाक्यं तुम्ही एकापाठोपाठ लिहिलीत, तरी त्यांचा एकमेकांशी संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. मुलगी सज्ञान आहे, चांगले मार्क मिळवते, कारखान्यात उभी राहून काम शिकून आली आहे. तिच्या पुढच्या तीन वर्षांचा अर्ज तिच्या पाठीमागे भरणं याला मी काळजी म्हणणार नाही, ही जबरदस्ती आहे. मनाविरुद्ध शाखेत ढकललेली मुलं माझ्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या सेमिस्टरला येतात, केटी, म्हणजे राहिलेले विषय, घेऊन आणि मान खाली घालून. त्यांच्या आईवडिलांचा हेतू वाईट नसतो. तुमचाही नाही, हे मला पत्रातून कळतं. तरी तो पासवर्ड तिला आजच परत द्या.

आता त्या बोल्टाबद्दल. तो तुम्ही टाकायला नको होता.

नटबोल्टाचं स्टँडर्ड म्हणजे मापांचा तक्ता, हा समज मी इंजिनिअर झालेल्या मुलांच्या तोंडूनही ऐकते. माप हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा सांगतो की तुटण्याआधी तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे 800 न्यूटन ताण सोसेल. दुसरा सांगतो की त्याच्या आठ दशांश ताणापर्यंत, म्हणजे 640 पर्यंत, तो पुन्हा मूळ लांबीवर येईल. त्यापुढे कायमचा लांबेल. तुमच्या मुलीच्या 12.9 ला हेच आकडे 1200 आणि 1080 होतात. हे नुसतं छापून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. डोक्याखाली तिरकी चकती ठेवून बोल्ट ओढतात आणि डोकं मानेपाशी तुटत नाही ना ते पाहतात. हार्डनेस, म्हणजे कडकपणा, बघतात, आट्यांच्या पृष्ठभागातला कार्बन हीट ट्रीटमेंटमध्ये, म्हणजे तापवून थंड करताना, उडाला का ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नटाचंही तसंच. जोडीचा नट असा आखलेला असतो की जास्त आवळलं तर आटे जाण्याआधी बोल्ट तुटावा, कारण तुटलेला बोल्ट तिथल्या तिथे कळतो, अर्धवट गेलेले आटे बाहेरून दिसत नाहीत. आपल्याकडे हे सगळं आयएस 1367 या भारतीय मानकाच्या वेगवेगळ्या भागांत आहे, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ 898 मध्ये. यातलं पाठ करण्यासारखं फार थोडं आहे. समजून घेण्यासारखं आयुष्यभर पुरेल.

आणि आवळताना न तुटलेला बोल्ट रात्रीतून आपोआप का तुटतो? पहिला संशय हायड्रोजनवर घ्यायचा. प्लेटिंगच्या आधी बोल्ट ॲसिडमध्ये धुतात, मग विजेने जस्त चढवतात. या दोन्ही वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो. बोल्ट जितका कडक तितका धोका जास्त, आणि 12.9 तर फारच कडक. म्हणून प्लेटिंगनंतर लगेच साधारण 200 अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवून तो हायड्रोजन बाहेर काढतात. ते बेकिंग राहिलं, उशिरा झालं किंवा कमी पडलं, तर बोल्ट सगळ्या नेहमीच्या तपासण्या पास होतो, आवळतानाही काही बोलत नाही, आणि काही तासांनी तुटतो. तुटलेला भाग ताणून बारीक झालेला नसतो, दाणेदार दिसतो. असा बोल्ट एखाद्या प्रेसच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, असेल तर कुणाचा हात जाऊ शकतो. तुमची मुलगी ते तुटलेलं तोंड बघत बसली होती. शिकवून येणारी गोष्ट नाही ही.

इथे माझं मत तुमच्या दोघांपेक्षाही वेगळं आहे. कॉम्प्युटर तिने स्वतः मागितलं असतं तर मी हरकत घेतली नसती. तिने मागितलेलं नाही. पण मेकॅनिकललाच पुढे जावं असंही नाही. तिला पडलेला प्रश्न धातूशास्त्राचा आहे. थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकल डिप्लोमावरून दुसरी शाखाही मागता येते. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातूशास्त्र, आहे. जागा मोजक्या आहेत, तेव्हा कटऑफ नीट बघा आणि मेकॅनिकलचे पर्याय त्याखाली ठेवा. तिला ही शाखा कुणी सुचवली असेल असं वाटत नाही, मुलं तिकडे फिरकतच नाहीत.

पुढच्या वाटा तिला कॉलेजात कळतीलच : डिग्रीनंतरची गेट ही राष्ट्रीय परीक्षा दिली तर भारतीय मानक ब्यूरोत सायंटिस्ट-बी हे पद, नाहीतर प्रयोगशाळा तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता असलेल्या टेस्टिंग लॅब, वाहन कंपन्यांचे सप्लायर क्वालिटी, म्हणजे पुरवठादारांचा माल तपासणारे, विभाग.

एक गोष्ट मात्र तिलाही स्पष्ट सांगते. छोट्या कारखान्याच्या क्वालिटी विभागात सुरुवातीचा पगार कमी असतो, शिफ्ट असतात, आणि महिनाअखेरीला माल सोडण्यासाठी ‘सही कर, पुढचं बघू’ म्हणणारे वरिष्ठ भेटतात. सही न करण्याची हिंमत लागते. डिग्री हातात असेल तर ती हिंमत टिकवणं थोडं सोपं जातं, म्हणून लगेच नोकरी धरण्यापेक्षा आधी शिकावं.

तुमच्यासाठी एवढंच : भंगारवाल्याने तो बोल्ट नेला नसेल तर शोधून तिला परत द्या आणि कसा तुटला ते तिच्याकडून ऐकून घ्या. पर्यायांची यादी तिला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, तिच्या प्रश्नांसकट.