कापडाचा पन्हा आणि कैरीचे पन्हे

एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "मुलाच्या शर्टाचे कापड घेऊन शिंप्याकडे गेले, तर त्याने आधी 'पन्हा किती?' असे विचारले. पन्हा म्हणजे रुंदी, हे संदर्भाने उमगले. पण रुंदी हा सरळ शब्द असताना पन्हा कशाला हवा, आणि कैरीच्या पन्ह्याशी त्याचे काही नाते आहे का?"

नात्याचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपते : नाते नाही. कापडाचा पन्हा हा फारसीतल्या 'पहना' या रुंदीवाचक शब्दावरून आला आहे. अस्तर, किनार, जर, रेशीम ही मंडळीही फारसीतूनच आपल्याकडे आलेली आहेत. 'ह' आणि 'न' यांची अदलाबदल मराठी जिभेला नवी नाही. संस्कृतातले 'चिह्न' आपण बिनदिक्कत 'चिन्ह' असे लिहितो. कैरीचे पन्हे मात्र संस्कृत 'पानक' या पेयवाचक शब्दाच्या घराण्यातले आहे, तर गाईचा पान्हा 'प्रस्नव' या शब्दापासून प्राकृताच्या मार्गाने आलेला, म्हणजे आणखी तिसऱ्याच कुळातला. भर म्हणून, पन्हा पुल्लिंगी आणि पन्हे नपुंसकलिंगी असले तरी प्रत्यय लागताना दोहोंचेही सामान्यरूप 'पन्ह्या' असेच होते, त्यामुळे 'पन्ह्याचे माप' एवढेच कोठे लिहिलेले आढळले तर हाती टेप घ्यावी की पेला, हे पुढचे वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पन्हा म्हणजे रुंदी हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे, कारण रुंदी कोणत्याही तुकड्याला असते, पण पन्हा असतो तो मागावरून उतरलेल्या अख्ख्या कापडाला, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. कापडाची किनार बोटांत धरून पाहावी : तेथे आडवा धागा, म्हणजे बाणा, शेवटच्या उभ्या धाग्याला वळसा घालून परत फिरलेला असतो, आणि म्हणून ती कड दुमडून शिवली नाही तरी उसवत नाही. कात्रीने कापलेल्या बाजूचे धागे मात्र लगेच सुटू लागतात. लांबी दुकानदार आपल्याला हवी तेवढी फाडून देतो. पन्हा विणकराने आधीच ठरवून टाकलेला असतो. त्याच कापडाचा रुमाल कापला की त्याला लांबी-रुंदी राहते, पन्हा राहत नाही. एवढा नेमका अर्थ एका शब्दात मिळत असेल, तर माझ्या मते 'कापडाची रुंदी' असे लिहून तो पातळ करण्यात काही हशील नाही.

पन्हा ठरतो तो मागाच्या फणीवर. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे फणीच्या दातांतून ओवलेले असतात आणि ते जेवढ्या रुंदीत पसरतात त्याहून थोडे कमी रुंद कापड तयार होते, कारण बाणा विणताना कडा आत ओढतो. जुन्या हातमागावर विणकर धोटा, म्हणजे बाण्याचा धागा इकडून तिकडे नेणारे साधन, एका हाताने फेकून दुसऱ्या हाताने झेलत असे, तेव्हा त्याचे हात जेथवर पोचत त्यापलीकडे एकट्याने पन्हा नेणे अवघड होते. इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला, तेव्हा ही अडचण सुटली. त्याआधी रुंद वस्त्र हवे असेल तर मागावर दोन माणसे बसवावी लागत, नाहीतर दोन पट्टे जोडून शिवावे लागत. बाळाला गुंडाळायच्या दुपट्याच्या नावात ते दोन पट्टे अजून शिल्लक आहेत.

शिंप्याने तो प्रश्न आधी का विचारला, हेही यातूनच कळेल. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचे कापड साधारण सव्वादोन ते अडीच मीटर लागते, तेच ५८ इंच पन्ह्याचे असेल तर सुमारे १.६ मीटरमध्ये काम होते. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि कापडाची लांबी वारावरून मीटरवर आली. पन्हा मात्र इंचांतच राहिला, आणि तोही बहुधा 'इंच' न उच्चारता : 'छत्तीस पन्हा', 'अठ्ठावन्न पन्हा'. अगदीच आकडा नको असेल तर 'छोटा पन्हा' आणि 'मोठा पन्हा' यांवर व्यवहार भागतो.

साडीच्या बाबतीत एक गंमत आहे. साडीचा ताणा तिच्या लांबीच्या दिशेने जातो, म्हणून मागावर विणकर ज्याला उभा धागा म्हणतो तो साडी नेसल्यावर अंगाभोवती आडवा फिरतो, आणि पन्हा कमरेपासून घोट्यापर्यंत उभा राहतो. नऊवारीतला वार हा लांबीचा, ३६ इंचांचा; नऊ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. पण साडी पाचवारी असो की नऊवारी, तिच्या नावात पन्ह्याचा उल्लेख कोठेच नसतो, आणि तो साधारण ४५ इंचांच्या आसपासच असतो. म्हणून उंच बाई दुकानात साडी अंगाला लावून 'हिचा पन्हा कमी पडतोय' असे म्हणते, तेव्हा तिला वार वाढवून देण्याचा काही उपयोग नसतो; दुकानदाराला दुसरी साडीच काढावी लागते.