'झेनी' म्हणजे निंदा की स्तुती?

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या एकांकिकेचे परीक्षण एका इंग्रजी दैनिकात आले असून त्यात तिला 'झेनी कॉमेडी' म्हटले आहे. शब्दकोशात 'खुळचट, विदूषकी' असे अर्थ सापडल्याने काही कलाकार दुखावले आहेत. ही निंदा समजावी की स्तुती? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : ही स्तुतीच आहे, आणि विनोदी एकांकिकेला तर मोलाची. प्रसंगामागून प्रसंग तर्काला हुलकावणी देत अशा बेफाम वेगाने येतात की प्रेक्षकाला विचार करायला उसंतच मिळत नाही, त्या विनोदाला इंग्रजीत झेनी म्हणतात. 'क्रेझी'ला खऱ्या वेडाची छटा आहे, 'सिली'मध्ये कमअक्कलपणाचा ठपका आहे. झेनीतले खूळ मात्र जाणूनबुजून घेतलेले सोंग असते.

हा शब्द मूळचा रंगभूमीचाच. १६व्या शतकातील इटलीत 'कोमेदिया देल्लार्ते' नावाची, लिखित संवादांविना केवळ कथासूत्रावर रंगणारी मुखवट्यांची नाटके होत. त्यांतील नोकराला 'झानी' म्हणत. बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून पोटासाठी व्हेनिसला येणाऱ्या मजुरांवर हे पात्र बेतलेले होते : सदा भुकेला, ढगळ पांढऱ्या कपड्यांतला, लांब नाकाचा अर्धा मुखवटा चढवलेला. नाक जितके लांब तितकी अक्कल तोकडी, असा संकेत होता. शहरी प्रेक्षक त्याच्या गावरान बोलीलाही हसत. 'काय करूलास?' म्हणताच पुण्यात समोरच्याच्या ओठांवर हसू उमटते, हे अनुभवलेल्या सीमाभागातील वाचकांना यावर अधिक काही सांगायला नको. तरीही धन्याची फजिती करून टाळ्या घेणारा तोच, तमाशातल्या सोंगाड्यासारखा.

त्याच शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत पोहोचला. शेक्सपिअरने तो विदूषक या अर्थी, नाम म्हणून वापरला आहे. विशेषण म्हणून तो पुढे रूढ झाला आणि त्यातली हेटाळणी बरीचशी गळून पडली.

मराठीत 'विक्षिप्त' म्हणावे तर ते फार गंभीर होते आणि 'वात्रट'मध्ये खोडीच अधिक दिसते. 'अतरंगी' त्यातल्या त्यात जवळचा आहे, जरी तो लेखनापेक्षा गप्पांत अधिक शोभतो. मित्राच्या विनोदबुद्धीला झेनी म्हणायला हरकत नाही, पण प्राचार्यांच्या निरोपाच्या भाषणात तो टाळावा, आणि मनोरुग्णाविषयी तर कधीच वापरू नये. परीक्षणातील ते वाक्य मात्र पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीत आपण खुशाल छापावे.