वाचकांचे प्रश्न : ख्रिस्ती शाळांतील शिक्षक आणि पदव्युत्तर अभ्यास

ख्रिस्ती शाळांत शिकवणाऱ्या आणि शाळा चालवणाऱ्या वाचकांनी शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाबद्दल पाठवलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मला वर्गातच राहायचे आहे, मुख्याध्यापक व्हायचे नाही. प्रमाणपत्र, पदविका, एम.एड., शिक्षणशास्त्रातले एम.ए. यांपैकी काय घ्यावे? नोकरी सांभाळून दोन वर्षांत होते असे माहितीपत्रकात लिहिले आहे.

आधी तासांचा हिशेब करा, नावाचा विचार मागाहून. क्रेडिट म्हणजे शेवटी वेळच. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचे धरतात आणि पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट. ब्रिटिश पद्धतीत एक क्रेडिट १० तासांचे आणि पदव्युत्तर पदवी १८० क्रेडिटची, म्हणजे १८०० तास. त्यात वाचन, लेखन, प्रबंध सगळे आले. हे दोन वर्षांत करायचे तर सुट्ट्या धरून वर्षाचे ४५ आठवडे, दर आठवड्याला २० तास लागतात. वह्या तपासून झाल्यावर आठवड्याला १० तासच हाती उरत असतील आणि वर्षाचे ४० आठवडेच अभ्यास होणार असेल, तर साडेचार वर्षे धरा. माहितीपत्रक खोटे बोलत नाही, पण ते तुमचे वेळापत्रक पाहून लिहिलेले नसते.

अशा वेळी टप्प्याटप्प्याने जाणारा अभ्यासक्रम बरा. ब्रिटिश रचनेत ६० क्रेडिटला प्रमाणपत्र, १२० ला पदविका, १८० ला पदवी. मध्येच थांबलात तरी हाती काहीतरी राहते. आधीचे क्रेडिट पुढच्या टप्प्यात धरतात का आणि किती वर्षांपर्यंत धरतात, हे प्रवेशाआधी विचारा. ही मुदत उलटून गेल्याचे पुष्कळांना फार उशिरा कळते.

एम.एड. की एम.ए. हा भेद विद्यापीठागणिक बदलतो. नावापेक्षा विषयांची यादी पाहा. संशोधनपद्धतीचा पेपर आहे का, शेवटी प्रबंध आहे की प्रकल्प? पुढे पीएच.डी. मनात असेल तर प्रबंधाचाच पर्याय घ्या.

प्रश्न : संस्था नामवंत आहे, ख्रिस्ती आहे. मग पदवी सगळीकडे चालेल ना?

तसे गृहीत धरू नका. पदवी देण्याचा अधिकार, धर्मशास्त्रीय शिक्षणासाठीची मान्यता आणि शिक्षक म्हणून नोंदणीसाठीची मान्यता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी येत नाही. सेमिनरीची (पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेची) उत्तम पदवी बढतीच्या वेळी मोजली जात नाही, असे घडते ते यामुळे. चौकशी महाविद्यालयाकडे नव्हे, तर जो विभाग किंवा जे मंडळ तुमची बढती ठरवणार त्यांच्याकडे करा, आणि उत्तर लेखी घ्या. आणखी एक : नोकरीतल्या शिक्षकांसाठीच्या बहुतेक पदव्युत्तर पदव्या शिकवण्याचा परवाना तुमच्याकडे आहे असे धरूनच आखलेल्या असतात. त्या तो परवाना देत नाहीत.

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. धर्मशास्त्राचा पेपर सक्तीचा आहे. प्रत्येक निबंधात बायबलचे वचन घालावे लागते का?

नाही. उलट जिथे तिथे वचन डकवलेला निबंध परीक्षकाला लगेच ओळखू येतो आणि त्याचे गुण कमी होतात. विज्ञानाच्या शिक्षकांना हा पेपर जड जातो, कारण धर्मशास्त्रात युक्तिवाद कसा मांडतात याची सवय नसते. श्रद्धेचा इथे काही संबंध नाही.

वचन वापरताना ते कोणत्या प्रकारच्या लेखनातले आहे ते आधी पाहा. नीतिसूत्रे २२:६ हे मुलांना वळण लावण्याबद्दलचे वचन शाळांच्या भिंतींवर हमीपत्रासारखे लावलेले असते. नीतिसूत्रे हे ज्ञानसाहित्य आहे. सर्वसाधारणपणे आयुष्य कसे चालते हे ते सांगते, करार करत नाही. एवढे एक वाक्य निबंधात आले तरी तुम्ही वाचून लिहिले आहे हे दिसते.

बायबलची कथा निर्मिती, पतन, तारण आणि पूर्णता अशा चार टप्प्यांत मांडणारी चौकट बऱ्याच अभ्यासक्रमांत भेटेल. तिच्यावर रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या विचारातून आलेल्या प्रोटेस्टंट परंपरेची दाट छाया आहे. डच धर्मशास्त्रज्ञ अब्राहम कायपर यांनी १८८० साली ॲम्स्टरडॅमला फ्री युनिव्हर्सिटी स्थापन करताना आयुष्याचे प्रत्येक क्षेत्र ख्रिस्ताच्या अधिकाराखाली येते अशी जी मांडणी केली, तिचा धागा या अभ्यासक्रमांत वारंवार दिसतो. कॅथलिक परंपरेची वाट वेगळी आहे : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहे. घोषणापत्र छोटे आहे, मुळातून वाचा. तुमच्या वाचनयादीत एकाच परंपरेची पुस्तके असतील तर दुसरीकडचे निदान एक लेखन निबंधात घ्या. तुलना आली की लेखन आपोआप टोकदार होते.

'पाठात वचन कुठे बसवू' हा प्रश्नच सोडून द्या. त्याऐवजी शाळा जे म्हणते आणि शाळेत जे होते यांतली एक विसंगती पकडा. प्रवेशद्वारावर 'प्रत्येक मूल देवाच्या प्रतिमेचे' आणि आत सूचनाफलकावर गुणानुक्रमे नावांची यादी : एवढ्यावर १५०० शब्दांचा निबंध उभा राहतो. किंवा दोन तासिकांत कोणत्या मुलाला कितीदा बोलायला मिळाले याची नुसती नोंद करा. चूक झालेल्याला पुन्हा लिहायची संधी मिळते का? विज्ञानाच्या प्रयोगात साहित्य कोण हाताळते आणि बाजूला उभे राहून कोण पाहते? माणसाबद्दलचे शाळेचे मत अशा ठिकाणी दिसते, प्रार्थनेच्या तासाला दिसतेच असे नाही.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, ख्रिस्ती शाळेत शिकवतो. प्रवेश मिळेल का?

काही संस्था विश्वासाच्या निवेदनावर सही किंवा पाळकांचे शिफारसपत्र मागतात, काहींना ख्रिस्ती विचाराशी अभ्यासपूर्वक भिडण्याची तयारी पुरते. मनात नसलेल्या मजकुरावर सही करू नका. प्रवेश मिळाल्यावर गुणदानाचे निकष मागून घ्या. निकष समज आणि युक्तिवाद यांचे असतील तर मतभेद मांडूनही उत्तम गुण मिळतात.

प्रश्न : शालेय नेतृत्वाच्या पेपरसाठी 'सेवक-नेतृत्व' हा विषय घेतला आहे. ख्रिस्ती सिद्धान्त म्हणून मांडला तर चालेल?

इथेच बहुतेक जण अडखळतात. नेता आधी सेवक असतो, ही आधुनिक व्यवस्थापनातली संकल्पना रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या १९७० सालच्या निबंधातून रूढ झाली. त्यांची नोकरी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत झाली, आणि कल्पना सुचली ती हर्मन हेसे यांच्या एका कादंबरीवरून, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तेव्हा ग्रीनलीफ आणि मार्क १०:४२-४५ (ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे, हे येशूचे वचन) यांची एका परिच्छेदात सरमिसळ करू नका. आधी ग्रीनलीफ काय म्हणतात ते लिहा, मग शुभवर्तमानातल्या उताऱ्याचा संदर्भ, आणि मग दोहोंत फरक कुठे पडतो ते. सर्वांत जास्त गुण या तिसऱ्या भागाला मिळतात, आणि लोक नेमका तोच गाळतात.

सेवेच्या नावाखाली शिक्षकांकडून बिनपगारी जादा काम करून घेणे ही ख्रिस्ती शाळांतली जुनी खोड आहे. तिचा उल्लेख टाळून लिहिलेला निबंध अर्धाच. शिवाय रचनेबद्दल लिहा : नेमणूक कोण करते, शिस्तभंगाचा निर्णय कोणाचा, मुख्याध्यापकांचा अधिकार कुठे संपतो आणि व्यवस्थापन मंडळाचा कुठे सुरू होतो. या रेषा पुसट असतील तर नम्र स्वभावाचे मुख्याध्यापकही शाळा सांभाळू शकत नाहीत.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. माझ्याच शाळेत 'ख्रिस्ती शिक्षणाचा विद्यार्थ्यांच्या मूल्यांवर परिणाम' असा प्रबंध करायचा आहे.

बाई, हा विषय सोडा. पालकांनी शाळा आधीच निवडलेली असते, त्यामुळे परिणाम शाळेचा की घरचा हे वेगळे काढता येत नाही. आणि मुख्याध्यापिकेने दिलेल्या प्रश्नावलीत कोणते मूल 'मी खोटे बोलतो' असे लिहील?

विषय लहान करा. उदाहरणार्थ, 'पहिल्या दोन वर्षांतले शिक्षक सकाळच्या उपासनेची तयारी कशी करतात आणि त्यांना मदत कोणाची मिळते?' आठ शिक्षकांच्या प्रत्येकी ४५ मिनिटांच्या मुलाखती म्हणजे सहा तासांचे ध्वनिमुद्रण. एका तासाचे मुद्रण उतरवायला साधारण चार ते सहा तास लागतात, म्हणजे २४ ते ३६ तास नुसते लिहिण्यात जातील. ॲपने उतरवलेला मजकूर पुन्हा ऐकून तपासावाच लागतो, विशेषतः बोलण्यात दोन भाषा मिसळत असतील तर.

खरी अडचण संमतीची. तुमच्या हाताखालचे शिक्षक तुम्हाला 'नाही' म्हणू शकत नाहीत. निमंत्रण अशा व्यक्तीकडून जाऊ द्या जिचा त्यांच्या नोकरीशी संबंध नाही, आणि नकार कोणी दिला ते तुम्हाला कळू नये अशी सोय करा. मूल्यमापन-अहवाल लिहिण्याच्या काळात मुलाखती नकोत. त्याहून सोपे म्हणजे दुसऱ्या शाळेत संशोधन करणे. मुलांना सहभागी करायचे असेल तर पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही. संशोधन नैतिक नियमांत बसते का हे पाहणाऱ्या नीतिसमितीची मंजुरी हाती येण्याआधी गोळा केलेली माहिती सहसा वापरता येत नाही, मग ती कितीही चांगली असो.

नावे बदलली म्हणजे ओळख लपली असे नाही. ख्रिस्ती मंडळीचे वर्तुळ लहान असते. 'बारा वर्षे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिका' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो, म्हणून विषय आणि सेवाकाळही मोघम ठेवा. मुलाखतीत एखाद्या मुलावरच्या अत्याचाराची गोष्ट निघाली तर गुप्तता पाळता येणार नाही, हे संमतीपत्रात आधीच लिहिलेले असावे.

वर्णनापेक्षा बदल घडवायचा असेल तर कृतिसंशोधन करा. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून वाढलेली ही पद्धत आहे : योजना, कृती, निरीक्षण, विचार, आणि पुन्हा योजना. बदलाआधीच्या निदान दोन आठवड्यांच्या नोंदी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि दुसरे चक्र पुरे होईल इतका वेळ हाती ठेवा. एका चक्रावर थांबलेला प्रबंध प्रयोगाचा वृत्तान्त ठरतो, कृतिसंशोधन नव्हे.

प्रश्न : शाळेकडे मदत मागताना काय मागावे?

फीपेक्षा वेळ मागा : आठवड्याला दोन तासिका कमी, आणि प्रबंधाच्या सत्रात सहशालेय कार्यक्रमांच्या जबाबदारीतून सूट. शाळा फी भरणार असेल तर करारातले नोकरी सोडण्याबद्दलचे कलम वाचा. मुदतीआधी नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत करायची की राहिलेल्या वर्षांच्या प्रमाणात, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. शाळेत संशोधन करायची परवानगीही व्यवस्थापन मंडळाच्या सहीने घ्या. तोंडी परवानगी मंडळ बदलले की बदलते.