घंटा आणि बादली

प्रिय पोरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि त्यात एकच प्रश्न तीनदा: व्रतं घेऊन कॉन्व्हेंटातली सिस्टर व्हायचं, तर देवाचं बोलावणं आलंय हे ओळखायचं कसं? खरं सांगू? माझ्या कानात कधी कुणी काही बोललेलं मला आठवत नाही. आमच्या गावातल्या सिस्टर सायकलवरून घरोघर ड्रेसिंग करायला जायच्या, ते मला आवडायचं. तेवढ्या शिदोरीवर मी आले. तेव्हा तुझा प्रश्न बाजूला ठेवते आणि मला जे ठाऊक आहे तेच लिहिते.

पहिली व्रतं घेऊन मला वर्षही झालं नव्हतं. खानापूर तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात होते. जांबोटीकडून एक आजी यायची. तिचा कुष्ठरोग बरा झाला होता, गोळ्या संपल्या होत्या, पण पायाच्या नसा गेल्या त्या गेल्याच. गोळ्या जंतू मारतात, मेलेली नस जिवंत करत नाहीत. अशा पायांना चटका, जखम काही कळत नाही, म्हणून त्यांची रोज निगा राखावी लागते. साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, घट्टे खरबरीत दगडानं हलकेच घासायचे आणि पाय ओलसर असतानाच तेल चोळायचं. म्हणजे ओल आत राहते, भेगा पडत नाहीत.

त्या दिवशी पाऊस कोसळत होता, आजी कुडकुडत होती. म्हटलं, थोडं कढत पाणी घालू. तेवढ्यात सायंप्रार्थनेची घंटा झाली. उशीर झाला तर आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या, आणि ते बघणं मला नको असायचं. पातेलं बादलीत ओतलं. कोपर बुडवून पाणी पारखायचं असतं, ते पारखलं नाही. "आलेच हं आजी" म्हणाले आणि पळाले. परतले तर आजी पाय तसेच बुडवून बसलेली, चेहऱ्यावर हसू. म्हणाली, "लई बरं वाटालंय ओ सिस्टर."

सकाळी दोन्ही पावलांवर लिंबाएवढे फोड आले होते. जखमा भरेपर्यंत दिवाळी आली.

गंमत अशी, की नोव्हिसिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या शिकाऊ काळात, आम्हाला संत विन्सेंट डी पॉल तोंडपाठ होते. १६३३ मध्ये लुईज द मारियाकबरोबर त्यांनी सिस्टरांची एक संस्था उभी केली, आणि त्या सिस्टर मठाच्या भिंतीआड न बसता आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागल्या. प्रार्थनेच्या वेळी कुणा गरिबाला औषध द्यायचं असेल तर निश्चिंत मनानं जा, देवाला देवासाठीच सोडून जाताय, असं ते त्यांना सांगायचे. हे मला पाठ होतं. पण घंटा झाली आणि पाय चॅपेलकडेच वळले.

ही गोष्ट सांगितली की काही मुलींना वाटतं, मी प्रार्थना बुडवायला शिकवतेय. तसं नाही गं. मी अजून पाचला उठते. तो अर्धा तास चुकला तर दुपारपर्यंत मी नातेवाइकांवर खेकसायला लागते. वॉर्डातल्या कुणालाही विचार.

म्हणून सांगते, आधी नर्सिंग कर. जीएनएमची तीन वर्षं काढ, रात्रपाळ्या कर, रक्त बघ, हाताला वळण लागू दे. चर्चचा कायदाही तुला घाई करत नाही. सतरा पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिसिएट नाही, ते किमान एक वर्षाचं. मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि कायमची व्रतं एकविसाच्या आत नाहीतच. मुदत संपली की उठून घरी जाता येतं, त्यात लाज काही नाही. माझ्या बरोबरीची एक गेली, आता तिला नातवंडं आहेत. पगार काँग्रिगेशनच्या, म्हणजे आपल्या सिस्टरांच्या संस्थेच्या खात्यात जातो, बदली सांगतील तिकडे होते. ते तुला माहीत आहेच.

आणि नुसती दया घेऊन येऊ नकोस. डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० मध्ये ऑस्ट्रेलियाहून गुंटूरला आल्या आणि पोपची खास परवानगी मिळवून सिस्टर असतानाच डॉक्टरकी करत राहिल्या. व्रतस्थ बाईनं बाळंतपणं करू नयेत, असा तेव्हा रोमचा दंडक होता. तो सुटला ११ फेब्रुवारी १९३६ ला. तोवर किती बायका दाराशी अडल्या असतील, मी कधी कधी मोजायचा प्रयत्न करते.

तू मराठी शाळेतली, कन्नडची भीती वाटते म्हणतेस. पुस्तकातली कन्नड राहू दे. पुस्तकात दुखण्याला 'नोवु' म्हणतात, इथली बाई पोट धरून 'होट्टी ब्यानी' म्हणते. तेवढं कळलं तरी ती अर्धी मोकळी होते. "ऊटा आत्री?" म्हणून जेवणाचं विचारलंस की उरलेलं ती स्वतःच सांगते. उलटही असतं: कन्नड-इंग्रजी संमतीपत्रावर आपल्या खानापूरची म्हातारी मुकाट्यानं अंगठा उठवते. तिला ते मराठीत वाचून दाखवल्याशिवाय शाईचा पॅड पुढे करायचा नाही. डॉक्टर घाई करतील, करू देत.

उशाखाली यल्लम्माच्या भंडाऱ्याची पुडी सापडली तर चादर बदलून ती होती तिथंच ठेव. धर्मावर बोलायला आपण तिथे जात नाही. आपल्याकडे तसंही प्रत्येक नर्सला सिस्टर म्हणतात. तू कुठली सिस्टर, हे पेशंटला कळलं नाही तरी बिघडत नाही.

राहिले तुझे बाबा. पंधरा दिवस ते तुझ्याशी बोलत नाहीत, हे तू दीड पान लिहिलंयस. आणि त्याच पानाच्या तळाशी एक ओळ आहे: शेतातून येताना त्यांच्या पायातली चप्पल निसटली, घरी येईपर्यंत त्यांना पत्ताच नाही, आई किती हसली. मला हसू आलं नाही. शुगर शेवटची कधी तपासली? आज रात्री दिवा जवळ घेऊन त्यांचे तळवे बघ, बोटांच्या बेचक्यासुद्धा. घट्टा, भेग, काळा डाग, काहीही. ते ओरडतील, ओरडू देत. पाय शेकायला कढत पाणी द्यायचं नाही, आणि अनवाणी अंगणातही सोडायचं नाही.

गुरुवारी सकाळी माझी ओपीडी असते. त्यांना उपाशीपोटी घेऊन ये, भाकरी बरोबर बांधून आण. कॉन्व्हेंटचा विषय त्या दिवशी काढू नकोस, मीही काढणार नाही.

तुझी,
सिस्टर